लाटेला दहापैकी दहा

जुनी बोट कशी निवडावी हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. एका बोटीचा अनुभव एवढ्या भांडवलावर बोलणं काहींना आगाऊपणाचं वाटेल. पण आमच्या इमारतीत एकाही बोटीचा अनुभव नसलेली माणसं महिनाभर याच विषयावर बोलत होती, आणि त्यांच्यापेक्षा मी निदान एका बोटीने पुढे आहे.

शिवाय निवड हा माझा पेशाच आहे. बावीस वर्षं मी एका मोठ्या कचेरीच्या खरेदी विभागात आहे. पंखे, खुर्च्या, पायपुसणी, फाइली, सगळं माझ्या सहीने येतं. दर तिसऱ्या कागदाला अडकणारा स्टेपलर आमच्या कचेरीत प्रसिद्ध आहे, तोही मीच निवडलेला. लोक त्याला नावं ठेवतात, पण तो निवडताना एकही नियम मोडलेला नाही हे कोणी लक्षात घेत नाही.

तर झालं असं. आमची मुलगी सतरा वर्षांची. तिला वेकबोर्डचा नाद. म्हणजे पायांना एक रुंद फळी बांधायची, बोटीला बांधलेल्या दोरीचं टोक हातात धरायचं आणि बोट नेईल तिकडे पाण्यावरून उड्या मारत जायचं. पाण्यावरच्याच दुसऱ्या खेळात, स्कीमध्ये, फळ्या दोन असतात आणि अरुंद असतात. दोन्हींत माणूस शेवटी पाण्यातच पडतो. तलावावरच्या क्लबाच्या संघात तीन मुलं घेणार होते आणि निवडचाचणी महिन्यावर आली होती. चाचणीत एक उडी मारून दाखवायची होती. बोटीच्या मागे दोन्ही बाजूंना लाटा उठतात, त्यातल्या एकीवरून उडायचं आणि पलीकडच्या लाटेवर उतरायचं. मुलीला ती जमत नव्हती, कारण क्लबाची बोट प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातून दहा मिनिटं यायची. त्यातली चार फळी बांधण्यात जायची.

"दहा मिनिटांत मी फक्त पडायला शिकले," ती जेवताना म्हणाली आणि ताट तसंच ठेवून उठली. जेवणावरून न जेवता उठणारी ही मुलगी नव्हे.

"आपण बोट घेऊ," मी म्हणालो. "जुनी."

बायको गाडी शिकवण्याच्या शाळेत शिकवते. शेजारच्या सीटवर बसून शिकाऊ माणसाला खांबावर आदळू न देणं हे तिचं काम, त्यामुळे तिचा चेहरा सहसा हालत नाही. स्वयंपाकघराच्या नव्या कपाटांसाठी तिने तीन वर्षं पैसे बाजूला टाकले होते. मी दोन दिवसांच्या वादाच्या तयारीने बसलो होतो. ती अर्ध्या मिनिटात म्हणाली, "कपाटांचे घ्या. पण बोट नीट घ्या."

हा मी माझ्या बोलण्याचा प्रभाव समजलो.

त्या दिवशी तक्ता आखला. खरेदी विभागाचा माणूस तक्त्याशिवाय भाजीसुद्धा घेत नाही. डाव्या बाजूला मुद्दे, वर बोटींची नावं, प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण, आणि उजवीकडे शेऱ्याचा रकाना. मापाची टेप शोधायला माळ्यावर चढलो तेव्हा जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक लांबलचक गाठोडं डोक्यावर आलं. पडद्यांचे जुने दांडे असणार. लग्नापासून ते गाठोडं घर बदलताना आमच्याबरोबर फिरतंय. "टाकून देऊ का हे?" मी वरून विचारलं.

"ते राहू द्या," बायको खालून म्हणाली.

आता इथे आमच्या विभागाचं एक तत्त्व सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ज्या विभागाला वस्तू वापरायची असते त्याला आम्ही कधीही विचारत नाही. विचारलं की ते त्यांना हवं ते मागतात. मग खरेदीला शिस्त राहत नाही. म्हणून मुलगी तक्त्याशी येऊन "बाबा, बोट घेताना एक गोष्ट—" असं म्हणाली, तेव्हा मी प्रेमाने हात वर केला. "बाळा, ते माझ्यावर सोड."

मुलीला विचारायचं नाही म्हटल्यावर बाकीच्यांना विचारायला वेळच वेळ होता. तळमजल्यावर निवृत्त प्लंबर राहतात, सगळे त्यांना प्लंबरकाका म्हणतात. पाण्याशी संबंध आला म्हणून त्यांना बोट आपल्याच खात्यातली वाटली. "साहेब, बोट म्हणजे काय? उलटी टाकी. टाकीत पाणी आत राहिलं पाहिजे, बोटीत बाहेर. एवढं बघा, बाकी रंगरंगोटी." मुद्दा एक: पाणी बाहेर राहणे.

इमारतीचे सेक्रेटरी जिन्यातच भेटले. उंच, रुंद माणूस. जिन्यात भेटले की त्यांचं बोलणं संपेपर्यंत पुढे जाता येत नाही. "मोठी घ्या," ते म्हणाले. "घेतोच आहात तर चार माणसं बसतील अशी घ्या. पण पार्किंगच्या रेषेबाहेर एक इंचही येता कामा नये. म्हणजे लहान घ्या." मी दोन्ही मुद्दे लिहून घेतले.

मेहुणा जुन्या गाड्या विकतो. तो तर घरीच येऊन बसला. "दाजी, इंजिन कोणीही बघतं. तुम्ही सीटकव्हर बघा. सीटकव्हर नवं दिसलं की समजायचं, खाली काहीतरी घडलंय." त्याच्या स्वतःच्या दुकानातल्या सगळ्या गाड्यांची सीटकव्हरं नवी असतात, हे मी त्याला सुचवलं नाही.

लाटेचा मुद्दा मात्र माझा स्वतःचा. जुन्या बोटींच्या जाहिराती वाचताना एकीत दिसलं, 'मागे लाट जवळजवळ नाहीच.' मी विचार केला. ज्या पंख्याचा आवाज कमी तो पंखा चांगला. ज्या स्टोव्हचा धूर कमी तो स्टोव्ह चांगला. तेव्हा ज्या बोटीची लाट कमी ती बोट चांगली. मी तक्त्यात लिहिलं: लाट, जितकी कमी तितके गुण जास्त. या मुद्द्याचं वजन मी दुप्पट धरलं.

पहिली बोट एका घराच्या मागच्या अंगणात होती. तिच्यात टोमॅटो लावले होते. मालक म्हणाला, "टोमॅटो काढून देऊ." मी विचारलं, "पाणी आत येतं का?" तो म्हणाला, "आत आलेलं बाहेर जात नाही, म्हणून तर टोमॅटो चांगले येतात." बरोबर आलेल्या प्लंबरकाकांनी तिथल्या तिथे शून्य दिलं.

दुसऱ्या बोटीच्या वेळी मी तलावाकाठच्या मेकॅनिकला बरोबर घेतलं. हा माणूस बोटींची इंजिनं दुरुस्त करतो आणि दिवसाला साधारण वीस शब्द वापरतो. इंजिन किती तास चाललंय ते दाखवणारं मीटर त्या बोटीला होतं आणि त्यावर इतके कमी तास होते की बोट दुकानातून थेट इथे आली असावी. मी गुण लिहायला लागलो. मेकॅनिकने मीटरच्या मागे हात घातला आणि सुटी वायर बाहेर काढून मालकासमोर धरली. मग लाकडी हातोडीने बोटीचा तळ ठोकत गेला. टण, टण, टण, आणि इंजिनाजवळ थप. "आत लाकूड कुजलंय," तो म्हणाला. त्या दिवसाच्या वीसपैकी तीन शब्द माझ्यावर खर्च झाले याचा मला अभिमान वाटला.

तिसरी बोट एका दंतवैद्याची. ती बघताक्षणी मला कळलं की हा आपला माणूस. तेल कधी बदललं, पट्टा कधी बदलला, सगळं वहीत तारखेनिशी. तळ सगळीकडे टण वाजला. मधोमध दोरी बांधायचा चकचकीत खांब. सीटकव्हर जुनं होतं, म्हणून मेहुणाही खूश. दंतवैद्याने आम्हाला तलावावर एक चक्कर मारून आणली. बोट वेगात होती आणि मागे पाणी इस्त्री केल्यासारखं सपाट.

"ही खास स्कीसाठी बनवलेली," ते म्हणाले. "मागे लाट शोधून सापडायची नाही."

मी लाटेला दहापैकी दहा लिहिले. त्या तक्त्यातले ते एकमेव दहा.

मुलीने मागे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, भारावली. "बाबा, पण ही तर—" ती म्हणाली. "व्यवहाराच्या वेळी मधे बोलायचं नाही," मी तिच्या कानात म्हणालो. बायको मात्र कितीतरी वेळ मागच्या पाण्याकडे बघत उभी होती. मग तिने खांबावर हात ठेवला आणि म्हणाली, "हीच घ्या." घेतली.

नोंदणीच्या कचेरीत गेलो तेव्हा खिडकीमागे जो कारकून होता त्याला बघून मला आरशात बघितल्यासारखं झालं.

"वापराचा उद्देश?" त्याने विचारलं. "प्रवासी, माल, मासेमारी की ओढकाम?"

"मुलीला दोरीने ओढायचंय."

त्याने पेन खाली ठेवलं. "ओढकामात बंद पडलेलं जलयान ओढतात. मुलगी जलयान आहे का?"

"नाही. पण तिच्या पायाखाली फळी असते."

"फळी तरंगते?"

"तरंगते."

"वर माणूस असतो?"

"असतो."

"मग ते इंजिन नसलेलं जलयान. त्याचा वेगळा अर्ज. दोन प्रतींत."

दुसरा कोणी चिडला असता. मला कौतुक वाटलं. झाडू हे हत्यार की साफसफाईचं साहित्य या प्रश्नावर मी स्वतः एक मागणी चार महिने फिरवलेली आहे. तेव्हा मी निमूटपणे फळीची लांबी, रुंदी आणि रंग भरून दिला. आज त्या क्लबात नोंदणी क्रमांक असलेली फळी आमच्याच मुलीकडे आहे. बोटीला मात्र पत्र्याची पाटी मिळाली, 'क्षमता: सात माणसे', आणि ती दर्शनी भागी ठोकण्याचा हुकूम झाला.

इमारतीत बोट आली तेव्हा ती पार्किंगच्या रेषेबाहेर एक वीत आली. सेक्रेटरींनी पत्र पाठवलं की पार्किंगमध्ये फक्त वाहनं उभी करता येतात. मी उत्तर पाठवलं की ट्रेलरला चाकं आहेत, सबब ते वाहन आहे, बोट हा त्यावरचा माल आहे. त्यांनी लिहिलं की माल साठवायला मनाई आहे. मी लिहिलं की माल साठवलेला नसून वाहतुकीत थांबलेला आहे. हा पत्रव्यवहार मला आवडायला लागला होता, पण बायकोने ट्रेलर एका दमात तिरका लावून रेषेच्या आत बसवला आणि विषयच संपवला. ती अशी अधूनमधून मजा घालवते.

पहिल्या दिवशी तलावावर आम्ही तिघंच गेलो. बायको चालवत होती, मी मागे तोंड करून बसलो होतो, कारण ओढल्या जाणाऱ्या माणसावर एकाने लक्ष ठेवायचं असा नियम आहे. मुलगी पाण्यातून झोकात उभी राहिली. डावीकडे गेली, उजवीकडे वळली, जोर घेतला आणि उडी मारली. फुटपाथवरून उतरावं इतकीच. पुन्हा मारली, पुन्हा तेवढीच. पाचव्यांदा तिने दोरी सोडली आणि पाण्यात तरंगत राहिली. आम्ही वळून तिच्याजवळ गेलो.

"काय झालं?"

"बाबा, मला लाट हवी होती," ती म्हणाली. "गुडघ्याएवढी. लाटेवरूनच तर उडायचं असतं. हिची घोट्याएवढीपण नाही."

मी पाण्याकडे बघितलं. ते अजूनही इस्त्री केल्यासारखंच होतं. "मग तू बोलली का नाहीस?"

"ती दोनदा बोलली," बायको म्हणाली.

मला फार लाज वाटली. तेही पोहायला आलेल्या चार अनोळखी माणसांच्या देखत. सगळ्यात लांब उडी मारण्यासाठी सगळ्यात सपाट बोट मी शोधून काढली होती, दुप्पट वजन देऊन. चाचणीला नऊ दिवस उरले होते, पैसे संपले होते आणि पोरगी रडतसुद्धा नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं.

ही बातमी इमारतीत माझ्या आधी पोचली. प्लंबरकाका म्हणाले, "मला दाखवा, तळाला काहीतरी अडकलं असेल." त्यांनी बोटीखाली निजून तासभर पाहणी केली. सेक्रेटरी म्हणाले, "म्हणून मी म्हणत होतो मोठी घ्या." मेहुणा म्हणाला, "विकून टाकू दाजी. आधी सीटकव्हर नवं करू."

दोन दिवसांनी पुन्हा गेलो. या खेपेला प्लंबरकाका, सेक्रेटरी आणि मेहुणा काठावर देखरेखीला हजर होते. बोट पाण्यात उतरवली आणि दोरी किती लांब सोडावी यावर त्या तिघांचा वाद सुरू झाला. त्यात वीस मिनिटं गेली. मग आम्ही निघालो. बोट जरा सुस्त वाटत होती, मागचा भाग खाली बसला होता. एवढ्यात मागून किंकाळी आली. मी घाबरून बघितलं, तर मुलगी हसत होती.

"बाबा! लाट! ही लाट!"

खरंच मागे गुडघ्याएवढी देखणी लाट उठली होती. मुलगी उडाली, पडली, पण उडाली. मी टाळ्या वाजवल्या. दोन मिनिटांनी लाट हळूहळू बसत गेली आणि पाणी पुन्हा सपाट झालं. आम्ही थांबलो. थांबलो तेव्हा माझे पाय घोट्यापर्यंत ओले आहेत हे मला कळलं.

"बोटीत पाणी भरतंय," बायको शांतपणे म्हणाली. हाच आवाज ती शिकाऊ माणसाला 'ब्रेक मधला' म्हणताना काढते.

"भरू दे!" मुलगी पाण्यातून ओरडली. "आई, जरा भरू दे ना! भरल्यावरच लाट येतेय!"

प्रकार असा होता. बोटीच्या मागे तळाला एक भोक असतं, आत साचलेलं पाणी काढायला, आणि त्याला बूच असतं. बूच नसेल तर उभ्या बोटीत पाणी शिरतं आणि पळत्या बोटीतून निघून जातं. बोट जड झाली की लाट मोठी, हलकी झाली की सपाट. आम्ही ओली पादत्राणं घेऊन काठाला लागलो आणि बूच कुठे गेलं याचा तपास सुरू झाला. प्लंबरकाकांनी सहज खिशात हात घातला आणि त्यांचा चेहरा पडला.

"पाहणी करताना काढलं होतं," ते म्हणाले. "हरवू नये म्हणून जपून ठेवलं."

पाणी बाहेर राहणे हा मुद्दा ज्याने लिहून दिला त्याच माणसाच्या खिशात बूच निघालं, तरी मी ते तिथेच सोडलं. कारण मला दुसरंच काही करायचं होतं. मुलगी टॉवेल गुंडाळून काठावर बसली होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसलो आणि बावीस वर्षांच्या नोकरीत जे वाक्य तोंडातून काढलं नव्हतं ते म्हणालो.

"तुला काय हवंय?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "वजन," ती म्हणाली. "मागच्या बाजूला. खूप."

वाळूची पोती? मेकॅनिक म्हणाला, "फाटतात. पंप तुंबतो." पाण्याच्या पिशव्या मिळतात म्हणे, पण त्या मागवून यायला पंधरा दिवस. मी डोकं धरून बसलो. समोर प्लंबरकाका, सेक्रेटरी आणि मेहुणा एकमेकांना बुचाबद्दल सल्ले देत उभे होते. तिघंही चांगल्या खात्यापित्या घरचे. माझी नजर बोटीवरच्या पत्र्याच्या पाटीवर गेली. क्षमता: सात माणसे.

आता, सभ्य माणसाला 'तुमचं वजन हवंय' असं सांगणं सोपं नाही. मी विषय गोलगोल फिरवून काढला, पण मुलीने सरळ विचारलं, "काका, तुम्ही बोटीत बसाल?" आणि तिघंही एका आवाजात हो म्हणाले. महिनाभर सल्ले देऊनही बसायचा मान कोणी देत नाही, याची त्यांना रुखरुख होती. मेकॅनिक आला. दंतवैद्यही आले, आपल्या जुन्या बोटीला लाट येते हे त्यांना पटत नव्हतं. बायको, मी आणि हे पाच, बरोबर सात. सगळ्यांना लाइफ जॅकेटं घातली. बसण्याची जागा ठरवायला प्रत्येकाचं वजन विचारलं तेव्हा मेहुण्याने दहा किलो कमी सांगितलं आणि सेक्रेटरींनी पाच जास्त. शेवटी बायकोने बोट किती कलते ते बघून एकेकाला हलवलं. आठवडाभर सगळी मंडळी कामधंदे सांभाळून रोज संध्याकाळी मागच्या बाकावर दाटीने बसत होती, आणि मागे गुडघ्याएवढी लाट उठत होती. मुलगी रोज पलीकडच्या लाटेच्या थोडी जवळ पडत होती. पण पडत होती.

चाचणीच्या सकाळी काठावर क्लबाचे प्रशिक्षक आणि आणखी दोन परीक्षक बसले होते. प्रत्येकाला दोन संधी, क्लबाच्या बोटीमागे किंवा स्वतःच्या. क्लबाच्या नव्या बोटीत पाण्याच्या टाक्या होत्या, बटण दाबलं की हवी तेवढी लाट. मी मुलीला म्हणालो, "तू ती घे. मला वाईट वाटणार नाही." हे खोटं होतं.

"मी आपल्याच लाटेवर शिकलेय," ती म्हणाली.

आम्ही सात जण बसलो. आणि मग तेच झालं जे व्हायला नको होतं. आठवडाभर निदान जागेवर बसलेल्या सल्लागारांना परीक्षक बघताच राहवेना. मुलगी लाटेकडे वळली तसे प्लंबरकाका उभे राहिले, "गुडघे वाकव!" मेहुणा डावीकडून उजवीकडे सरकला, "मामाकडे बघ, मामाकडे!" सेक्रेटरी त्या दोघांना खाली बसवायला उठले. आणि मी, मीसुद्धा उभा राहून दोन्ही हातांनी खुणा करत होतो. बोट कलली, लाट फुटली आणि मुलगी तोंडावर आपटली.

एक संधी गेली. आम्ही वळून तिच्याजवळ आलो. तिचे ओठ निळे पडले होते. मी काहीतरी समजावणार होतो, पण थांबलो आणि पुन्हा तेच विचारलं. "काय हवंय, बाळा?"

"कोणी हलू नका. कोणी बोलू नका," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही तर मुळीच नाही."

आम्ही बसलो. इमारतीच्या इतिहासात ही माणसं एकाच वेळी गप्प बसल्याची नोंद नाही. प्लंबरकाकांनी बूच मुठीत घट्ट धरलं होतं. जुनं बूच, नवं आम्ही केव्हाच बसवलं होतं. सेक्रेटरींनी डोळे मिटले. मी हात मांड्यांखाली दाबून ठेवले. बायकोने वेग जरासा वाढवला आणि तो तसाच धरून ठेवला. मुलगी वळली, लाट चढली आणि उडाली. ती हवेत असताना मला ओरडायचं होतं, फार ओरडायचं होतं. मी ओरडलो नाही. ती पलीकडच्या लाटेवर उतरली, गुडघ्यांत वाकली, डगमगली आणि उभी राहिली.

कोणीच हललं नाही. आता हललं तरी चालेल हे कोणी सांगितलंच नव्हतं. काठाला लागेपर्यंत आम्ही फोटोसाठी बसवल्यासारखे बसून होतो, आणि मेकॅनिकच्या गालावरून पाणी ओघळत होतं. तलावाचं असेल.

तिघांत तिचं नाव दुसरं लागलं. मग काठावर एकच कल्ला झाला. माझंच वजन कामाला आलं, असं प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता आणि मेहुण्याने तर आपलं खरं वजनही कबूल केलं. मी मनातल्या मनात तक्त्यात शेरा लिहिला: वापरणाऱ्याला विचारून घेणे. मला स्वतःबद्दल बरं वाटत होतं. विचारायला शिकलेला माणूस म्हणून मी त्या दिवशी जरा तोऱ्यातच उभा होतो.

"सगळे जरा खाली उतरा," बायको म्हणाली.

उतरले. ती गाडीच्या मागे गेली आणि माळ्यावरचं गाठोडं घेऊन आली. सकाळी ते गाडीत दिसलं तेव्हा मी विचारलं होतं, तर "असू दे" म्हणाली होती. तिने चादर सोडली. आत पडद्यांचे दांडे नव्हते. दोन लांब, अरुंद स्की होत्या, रंग उडालेल्या, पट्ट्यांचं रबर नव्याने बसवलेलं.

"हे तुझं?" मी विचारलं.

"लग्नाआधीपासून."

"तू कधी बोलली नाहीस."

"मला कोणी विचारलं का?" ती म्हणाली. रागाने नव्हे, रागाने म्हणाली असती तर सोपं गेलं असतं. "स्कीला मागे लाट चालत नाही. पाणी सपाट लागतं. आणि बोट रिकामी. तक्ता तुम्ही बरोबर केलात."

मग तिने लाइफ जॅकेटचा पट्टा आवळला आणि मला चालकाच्या जागी बसवलं. "मी शिकवलंय तसं चालवा. सरळ. आणि मागे बघायचं नाही, मागे बघायला ती आहे." मुलगी माझ्या शेजारी मागे तोंड करून बसली. दोरी ताणली गेली. मी वेग दिला आणि समोरच्या पाण्यावर नजर ठेवली. मागे काय चाललंय ते बघायचा इतका मोह मला आयुष्यात झाला नव्हता.

"उभी राहिली," मुलगी म्हणाली.

मी सरळ चालवत होतो.

"बाबा," तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आईने एक स्की सोडली. ती एका पायावर आहे. बाबा, ती हसतेय."

माझे डोळे भरून आले आणि समोरचं नीट दिसेना. पण मागे बघायचं नाही असं तिने सांगितलं होतं, म्हणून बघितलं नाही. तलाव संपेपर्यंत मी सरळ चालवत राहिलो.